नर्मदाकाकींची साक्ष

“धनेश इलेलो. पण दारातल्या खळ्यात पाय ठेवूक नाय,” नर्मदाकाकी म्हणाल्या. “कुंपणाच्या गडग्याभायरसून म्हणता, काकी, हो गावचो घरगुती प्रश्न.”

“आणि आत्ताचे सदस्य, जितेंद्र?” आकांक्षाने विचारलं.

“तेना आमच्यावांगडा फोटो काढून फेसबुकार टाकल्यान. गाव रागावलो तसो सांजेक काढून टाकल्यान.”

आकांक्षा ऐकत होती. ती सावंतवाडीची वकील. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत धनेश आणि जितेंद्रच्या विरोधात उभ्या असलेल्या कौस्तुभचा प्रचार करत होती.

काकींचं घर गावाने वाळीत टाकलं होतं, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. त्यांच्या मुलीने, दिव्याने, ख्रिश्चन कॉनरॅडशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. गावचे प्रमुख मानकरी, गावकर परशुराम, यांनी मुलीशी संबंध तोडायला सांगितलं, काका-काकींनी नकार दिला. तेव्हापासून गावात कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. दुकानात सामान मिळत नव्हतं. तांदूळसुद्धा काकी कट्टा गावच्या बाजारातून आणत.

“धनेशाचा भाषण आयकलंस मां?” हरिश्चंद्रकाका खाटेवरून म्हणाले. “नागरी हक्कांवर अर्धो तास बोललो. आमच्या दारावरसून जाताना मात्र गाडीची काच वर!” ते हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

काकींनी त्यांची पाठ चोळली.

“चार माणसां तरी व्हयी गो खांदो देवक,” उबळ थांबल्यावर ते म्हणाले. “डॉक्टर काय म्हणालो, तुका ठावक आसा.”

“तुमी गप ऱ्हवा.”

काकींचा फोन वाजला. पडद्यावर दिव्याचं नाव होतं. काकींनी फोन पालथा ठेवला. “मगे बोलान.”

“आणि कौस्तुभ?” आकांक्षाने विचारलं.

“तो घरात इलो. आमच्यावांगडा जेवलो. दिव्याच्या लग्नाक साक्षीदार ऱ्हवलो. आमका घेवन ओरोसाक कलेक्टराकडे तक्रार देवक गेलो. बाकीच्यांची माका किळस इली. माणूस म्हणशात तर तो एकटोच.”

“मग उद्या देवळात एवढंच सांगा.”

निवडणुकीआधी गाव देवळात बसे. एक नाव ठरे आणि सगळी मतं त्या नावाला जात. वाळीतल्या घराला तिथे जागा नव्हती. पण अडवणं हा गुन्हा आहे, असं आकांक्षाने गावकरांना जाऊन बजावलं होतं. ते भांडतील असं तिला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “येऊ दे तिला.”

दुसऱ्या दिवशी देवळात धनेश गावकरांच्या शेजारी बसला होता, कौस्तुभ मागे दाराजवळ. काकी आत आल्या तशा चटईवरच्या बायका सरकून बसल्या. काकी खांबाजवळ उभ्या राहिल्या.

“कोणाक काय सांगाचा आसात तर सांगा,” गावकर समोर बघत म्हणाले.

काकी बोलू लागल्या. कौस्तुभ घरात इलो, म्हणाल्या. जेवलो. लग्नाक साक्षीदार ऱ्हवलो. ओरोसाक घेवन गेलो. शब्द कालचेच होते, आवाजही कालचाच. कौस्तुभने संकोचून मान खाली घातली. आकांक्षा मोबाईलवर रेकॉर्ड करत होती.

“माझा घर कोणी फोडल्यान, तां आता तुमका कळला,” काकी म्हणाल्या. “तसल्या लग्नाक तेना साक्ष दिल्यान. गावचो विषय कलेक्टरापर्यंत व्हरल्यान. तेका मत देव नकात. आणि दिव्या आमची कोण नाय.”



गावकर परशुरामांनी मान वळवून, वाळीत टाकल्यापासून पहिल्यांदाच, काकींकडे पाहिलं. शेजारची चटई हाताने झटकली.

“हंय बस गो, नर्मदे,” ते म्हणाले. “हरिश्चंद्र कसो आसा?”