कोपऱ्यातल्या खोलीतली पेटी

"पाहणीला बाई आलीय!" दिवाणजींनी जिन्यावरून वर आवाज दिला आणि स्वतःच्या नशिबावर खूश होऊन हसले.

दिवाणजी म्हणजे घरमालकाचा उजवा हात. मालक शहराच्या हवेशीर भागात राहायचा. ही जुनी इमारत, तिचे भाडेकरू, तिचा वास, सगळं दिवाणजींच्या गळ्यात. आज आरोग्य खात्याच्या पाहणीत इमारत पास झाली नाही तर मालक त्यांना नारळ देणार होता. तसं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

पण दिवाणजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. भिंतींना चुना फासून झाला होता. जिथे ओल होती तिथे कपाटं सरकली होती. तुंबलेल्या गटारावर फळ्या, फळ्यांवर कुंड्या. राहता राहिली माणसांची डोकी. एका खोलीत किती माणसं राहावीत याचा आरोग्य खात्याचा नियम होता, आणि पोरं काही नियम वाचून जन्माला येत नाहीत. त्यावरची तोड दिवाणजींनीच फार वर्षांपूर्वी काढली होती. पाहणी आली की मोठ्या पोरांना गल्लीत पिटाळायचं आणि धाकट्याला कपड्यांच्या पेटीत बसवायचं. आजवर एकाही साहेबाने पेटी उघडली नव्हती. आता सगळी गल्लीच ही युक्ती वापरायची, आणि दिवाणजींना तिचा फार अभिमान होता.

पाहणीवाल्या बाई तरुण होत्या. अंगावर साधे करडे कपडे, हातात कंदील.

"जपून हं बाई, ती पायरी जरा..." दिवाणजी म्हणेपर्यंत बाई मोडकी पायरी ओलांडून वर पोहोचल्यासुद्धा. पायाची चपळ दिसते, असं दिवाणजी मनात म्हणाले.

"आधी कोपऱ्यातली खोली," बाई म्हणाल्या.

त्या खोलीची चौकट इतकी बुटकी की नवा माणूस तिथे कपाळ शेकून घ्यायचाच. मागचे साहेब तर डोकं चोळत तिथूनच परत फिरले होते. दिवाणजी मागे उभे राहून मजा बघायला थांबले. बाई सहज वाकून आत गेल्या.

आत इस्त्रीवाल्या म्हातारीने कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली आणि मान खाली घालून उभी राहिली. सकाळीच दिवाणजींनी तिला दम भरला होता, तोंड उघडलंस तर बिऱ्हाड रस्त्यावर.

"घरात माणसं किती?" बाईंनी विचारलं.

"मी, मुलगा, सून."

"ओल येते?"

"छे हो बाईसाहेब! खडखडीत कोरडं आहे."

"खोकला कुणाला?"

म्हातारीने पदराला हात पुसले. "होता एकाला. तो आता नाही."

बाईंनी कंदील खाली ठेवला. मग त्यांनी खांदा लावून कपाट सरकवलं. मागची भिंत छतापर्यंत काळी पडली होती.

"पाणी सांडलं असेल," दिवाणजी म्हणाले.

"छताला?"

बाई पेटीपाशी उकिडव्या बसल्या. झाकणाला त्यांनी हात लावला नाही. हात मागे, भिंतीच्या बाजूला घातला आणि न बघता एका भोकात बोट सारलं.

"पेटीला भोकं आहेत."

"उंदीर, बाई! फार सुळसुळाट आहे."

"एका ओळीत कुरतडणारे? शिकवलेले दिसतात." बाईंनी पेटीवर हलकेच टकटक केलं. "ये गं बाहेर, बाळ. पाय आखडले असतील."

झाकण उचललं गेलं. घामाने डबडबलेली म्हातारीची नात बाहेर आली आणि आजीला बिलगली.

बाई उठल्या. "इमारत नापास. नळ, गटार, खिडक्या, सगळं मालकाने करून द्यायचं. आणि तोवर एकाही बिऱ्हाडाला हलवायचं नाही, हा खात्याचा हुकूम आहे."

दिवाणजींच्या डोळ्यांपुढे नारळ नाचू लागला. इतक्या वर्षांची अक्कल एका टकटकीत मातीमोल! ते म्हातारीवर धावून गेले.

"तूच फितूर झालीस! नाहीतर हिला पेटीचं कळणार कुठून? कुणी सांगितलं?"

म्हातारीने मान वर केली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा देत होती, आणि तिचा चेहरा नुसता फुलला होता. तिने पुढे होऊन पाहणीवाल्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगायला कशाला हवं, दिवाणजी? तुम्हीच तर म्हणाला होतात, पाहणी आली की धाकटीला पेटीत कोंब. ही माझी धाकटी."