ज्याने घोटला, त्याचा फज

ताई आणि बारक्या, दोघंही हरले. पण हे आत्ताच कळून काही उपयोग नाही. तेव्हा तसं काही झालंच नाही, असं धरून चालू.

आईच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या पेटल्या होत्या आणि दोन माणसं त्याहून जास्त.

घरचा नियम जुना होता. भांडण झालं की दोघांनी आईच्या पद्धतीने चॉकलेट फज करायचा. ज्याचा सरस, त्याचा शब्द चालणार. हरणाऱ्याने पातेली घासायची आणि तुकडा मागायचा नाही. फज निवत आला की खांदा भरून येईपर्यंत घोटावा लागतो, आणि तेवढं घोटायला अंगात राग लागतो. शिजवतं कोणीही, आई म्हणायची. घोटतो त्याचा फज. सायकल कोणाची, खिडकीजवळचा पलंग कोणाचा, सगळं या घरात असंच ठरलं होतं.

आज आई कोणाची, ते ठरायचं होतं.

महिन्यापूर्वी ती न्हाणीघरात घसरली. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि डॉक्टर म्हणाले, यापुढे एकटीने राहायचं नाही. ज्याचा फज सरस, आई त्याच्या घरी. खुद्द आईला कोणी विचारलं नव्हतं. आजारी माणसाला कशाला त्रास. चाखून निकाल मात्र नेहमीप्रमाणे तीच देणार होती.

सकाळी दोघं जिन्यात बराच वेळ तावातावाने कुजबुजत उभे होते. वर आले तेव्हा आईच्या खोलीचं दार बंद होतं.

"साखर किती घेतलीस?" ताईने विचारलं.

"आईच्या मापाने."

"तुला बरं आठवतं. आठवणारच म्हणा, नेहमी तूच जिंकायचास."

"मस्का पातेल्यात टाक, ताई. मला लावू नकोस."

बारक्या पन्नाशीला आला होता आणि वजनाने शंभरीच्याही पुढे गेला होता, पण नाव तेच राहिलं होतं. तो कचेरीत कारकून होता. त्याच्या पातेल्यातून करपल्याचा वास आला तसा ताईने हात लांब करून गॅस बंद केला.

"माझ्या शेगडीला हात का लावलास?"

"करपत होतं."

"करपू दे. सदर पातेल्यात तुझा हस्तक्षेप नको." रागावला की तो अर्जाच्या भाषेत बोलायचा. लग्नाची मागणीही त्याने अशीच घातली होती, आणि ती तीन स्मरणपत्रांनंतर मंजूर झाली.

ताई दातांची डॉक्टर. जन्मभर असल्याच पदार्थांच्या जिवावर कमावत आलेली. हात असा नेमका की दाढ निघाल्याचं पेशंटला घरी गेल्यावर कळायचं. आईच्या फजात चिमूटभर मीठ पडतं. आज ताईची चिमूट मुठीएवढी पडली.

"हात हलला," ती म्हणाली.

"पेशंटना कळवून ठेव."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिंपीण झाकलेलं पातेलं घेऊन आली आणि कोणाकडे न बघता आईच्या खोलीत शिरली.

"सूप का?" ताईने विचारलं.

"काकूंनी मागवलंय," शिंपीण म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पातेली उतरवली. आता फज कोमट होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो, नाहीतर साखर धरते आणि दाताखाली वाळू येते. हे या घरात चालायला लागण्याआधी शिकवलं जायचं. बारक्याने वाफाळत्या पातेल्यात चमचा घातला आणि गरगर फिरवायला सुरुवात केली.

"गरम आहे ना अजून?"

"विसरलो."

ताईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि आपलंही पातेलं ढवळायला घेतलं. मागे राहणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मग आतून आवाज सुरू झाला. खट्, खट्, खट्. मध्येच थांबे आणि पुन्हा जोरात सुरू होई.

"काठी आपटतेय," बारक्या म्हणाला.

"चिडलीये."

"कशावर? आपण तिच्यासाठीच तर मरतोय इथे."

"तेच ना. कदर म्हणून नाही."

आवाज बंद झाल्यावर दोघं आपापली ताटली घेऊन आत गेले. आईने ताईच्या ताटलीतला तुकडा खाल्ला, मग बारक्याचा. मग तांब्याभर पाणी प्याली.

"ताईचा चांगला झालाय," बारक्या घाईने म्हणाला.

"छे, बारक्याच्या हाताची चव काही वेगळीच."

"एक खारट, एक करपट, आणि दोन्हींत वाळू," आई म्हणाली. "एवढे कष्ट तुम्ही सायकलसाठीही घेतले नव्हते. पण सायकल तुम्हाला हवी होती."

बारक्याने आपली ताटली पाठीमागे नेली.

"जिन्याकडची खिडकी उघडी होती," आई म्हणाली. "'तू ने, तू ने.' मी काय माळ्यावरची ट्रंक आहे?"

तिने उशीमागून तिसरी ताटली काढली. मऊसूत, एकसारख्या वड्या, सुरीच्या कडेला कणही चिकटलेला नाही. काठी दाराआड होती, सकाळी होती तिथेच. आईच्या मांडीवर लाकडी चमचा होता.

"हा... शिंपिणीने केला?" ताईने विचारलं.

"शिजवला तिने. घोटायला राग लागतो. तो मला आला होता." आईने एक वडी शिंपिणीला दिली, एक स्वतः घेतली. "तेव्हा शब्द माझा. मी इथेच राहणार. ही उद्या मशीन घेऊन माझ्याकडे राहायला येतेय. पातेली उचला."

दार लागलं. जिन्यात ताई खारट पातेलं घेऊन उभी होती आणि बारक्या करपलेलं. फटीतून लोण्याचा आणि कोकोचा तोच जुना वास येत होता. दोघांना एकदमच भूक लागली.

"तू बोल," ताई हळूच म्हणाली. "तुला जमतं."

बारक्याने पातेलं खाली ठेवलं, शर्ट नीट केला आणि बंद दारासमोर ताठ उभा राहिला.

"माननीय आई यांस. विषय: फजची एक वडी, निदान अर्धी, मिळणेबाबत. अर्जदार हरले आहेत, हे त्यांना मान्य आहे. परंतु त्यांना हरायचं होतं ते असं नव्हे, याची नोंद व्हावी. पातेली घासून परत करण्यात येतील. तरी अर्जदार आपलीच मुलं आहेत, ही बाब विचारात घेऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."