वाकड्या मिशीचा शिपाई

धाकट्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या लाकडी खेळण्यातल्या शिपायावर मारधाडीचा सिनेमा आला. पहिला शिपाई सावंतवाडीत ह्यांनी घडवला, मी रंगवला. घाईत मिशी वाकडी गेली आणि खेळण्यांच्या कंपनीने तोच नमुना उचलला. पन्नास वर्षं हे मला ऐकवत राहिले, "जगभर वाकडी मिशी धाडलंस!"

ह्यांना उठवत नव्हतं, म्हणून सिनेमाला मी एकटी गेले. पडद्यावर शिपाई तीन मजली उंच होता, विमानं पाडत होता. लोक शिट्ट्या मारत होते. बसून बसून माझी कंबर मोडली.

घरी येताच अंथरुणातून ह्यांनी विचारलं, "मिशी सरळ केल्यानी काय गो?"

"नाय. होती तशीच."

"बरा झाला. नायतर आपलो कसो वळखूचो?"

माझे यजमान पुंडलिक चितारी त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी वारले.