लाल ठिपक्याचा डबा

बायको देवकी गेल्याचा फोन आला तेव्हा काळूराम शहापूरच्या एका दुकानात नारळाच्या दुधाचा डबा हातात घेऊन उभा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मागची बारीक अक्षरं दुकानदाराकडून वाचून घ्यायची आणि नारळ व पाणी सोडून तिसरं काही निघालं तर डबा परत ठेवायचा, असं सून प्रियांकाने सांगून ठेवलं होतं. हा चौथा डबा होता. दुकानदाराला हसू येत होतं.

"एवढी वणवण कशाला, काका? बायकोला सांगा, नारळ खवून पिळून देईल."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलगा दीपेश बोलत होता.

सकाळी निघताना ती बरी होती. दोन दिवस सर्दीने नाक चोंदलं होतं, तेवढंच. भातावर तुडतुडा पडला होता, पण त्याची फवारणी आदल्या संध्याकाळीच उरकली होती, म्हणून काळूराम पहिल्या एसटीने निघू शकला. नऊला तिला उलट्या सुटल्या, दरदरून घाम फुटला. मुरबाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळपासून पोटात काय गेलं, असं डॉक्टरने विचारलं. नारळाचं दूध, एवढंच उत्तर होतं. डॉक्टरने पोलिसांना कळवलं आणि पोटातलं तपासायला पाठवलं.

हे दूध घरात आणलं प्रियांकाने. देवकीची बोटं सांध्यांत सुजायची, खवणीवर बसणं तिला जमायचं नाही. प्रियांका वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सहाला कंपनीची बस यायची, तिला सकाळी वेळ नसायचा. पाकिटातलं, साखरेचं सगळं बंद करा, असं तिने मोबाइलवर वाचून सासूला सांगितलं. चहाही सुटला. त्याच्या जागी डब्यातलं नारळाचं दूध आलं, पण त्यात गोंद नको, टिकवायची पावडर नको. तीन महिन्यांत सूज उतरली आणि देवकी लावणीला चिखलात उभी राहिली. त्या दिवसापासून सुनेचा शब्द म्हणजे तिला शेवटचा.

वाचून खात्री झाली की प्रियांका डब्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची. देवकी तो ठिपका बघून प्यायची. रिकामे डबेही ती टाकू द्यायची नाही. कडा दगडावर घासून, धुऊन, मोरीवरच्या फळीवर ओळीने ठेवायची, ठिपका पुढे करून. फ्रीजमधलं दूध ती त्यातल्याच एका डब्यात ओतून घ्यायची. पेल्याला घरातल्यांच्या चहाची साखर लागलेली असते म्हणायची. कोणी डबा हलवला तर तिला कळायचं. "घेतला तिथं ठेवा," ती काळूरामला म्हणायची, "तुमच्या बिडीवानी इकडंतिकडं नको."

दहाव्याला काळूरामच्या बहिणीने, जनाबाईने, विषय काढला. तिला म्हसा गावाहून येऊन चार दिवस झाले होते आणि चारही दिवस ती सुनेकडे बघत होती.

"डबा फोडला कोणी?"

"प्रियांकानं. रात्री फोडून फ्रीजमध्ये ठेवला व्हता."

जनाबाईने पुन्हा सुनेकडे पाहिलं. पुढे बोलायची तिला गरजही नव्हती.

त्यानंतर काळूरामला सगळंच दिसू लागलं. प्रियांका सासूच्या फोटोसमोर उभी राहायची नाही. दुधाचे भरलेले डबे पोलिसांनी नेले तेव्हा तिने आपणहून फ्रीज उघडून दिला होता, विचारायच्या आधी. रात्री दीपेशशी हळू आवाजात बोलायची आणि सासऱ्याची चाहूल लागली की गप्प व्हायची. तिच्या हातचा चहा त्याने दोन दिवस मोरीत ओतला. तिसऱ्या दिवशी तिने ते पाहिलं.

"बाबा, तुमाला माझा संशय हाय का?"

"तुझ्या हातचंच पिऊन गेली ती."

प्रियांकाने मोरीतला रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "ठिपका मी लावला. पण त्या सकाळी मी घरात नव्हते. आईंनी आपल्या हातानं ओतून घेतलं."

"तेच तं. तू नव्हतीस."

दुपारी ती आटगावला माहेरी गेली. काळूरामने तिला थांबवलं नाही. दीपेश बापाशी बोलेनासा झाला. ताट घेऊन ओटीवर जायचा आणि पाठ करून जेवायचा.

महिन्याने हवालदार आला. त्याने ओट्यावर बसून पाणी घेतलं आणि तपासणीचं सांगितलं. फ्रीजमधल्या डब्यात काही निघालं नाही, बंद डब्यांतही नाही. देवकीच्या पोटात मात्र भातावर मारायचं औषध निघालं.

ते ऐकून काळूरामला बरं वाटलं. त्याचं खरं ठरलं होतं. डब्यात काही नव्हतं, म्हणजे कोणीतरी नंतर मिसळलं. घरात राहणारं, बाटली कुठे असते ते माहीत असणारं.

"बाटली कुठं ठेवता?" हवालदाराने विचारलं.

"पडवीत, पंपाशेजारी. आमच्या घरात सगळ्यांना म्हाईत हाय," काळूराम म्हणाला. 'सगळ्यांना' या शब्दावर त्याने जोर दिला.

तो हवालदाराला पडवीत घेऊन गेला. दीपेशही मागे येऊन उभा राहिला. बाटली खुंटीला टांगलेली होती, तोंडाला चिंधीचा बोळा कोंबलेला. हवालदाराने ती उजेडात धरली, वास घेतला, पाठीमागची सूचना वाचली.

"यात लिवलंय, टोपणानं मोजून घ्या. टोपण कुठाय?"

"बांधावर चिखलात पडलं, गावलंच नाय."

"मग मोजता कशानं, काका?"

काळूरामने वळून पाहिलं. दाराच्या चौकटीतून मोरीवरची फळी दिसत होती, तिच्यावरची डब्यांची ओळ, एकेक लाल ठिपका पुढे केलेला. फवारणीच्या त्या संध्याकाळी अंधार पडत होता. औषध पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. देवकी ओरडू नये म्हणून त्याने डबा घाईघाईने विसळला होता आणि घेतला तिथंच, ठिपका पुढे करून, ठेवला होता.

प्रियांकाला आणायला आटगावला अजून कोणी गेलेलं नाही.