पाचव्या तुकड्याची शेपटी

"बंद कर ते गाणं!" लग्नानंतरच्या पहिल्याच निंदणाला, पिकाच्या ओळींमधलं तण काढणारा बैलांचा डवरा थांबवून उकंडा भर वावरात खेकसला होता. तो आवाज इंदूबाईच्या कानात चाळीस वर्षं घर करून बसला. तिनं गाणं सोडलं नाही. नवऱ्याकडे तोंड करून मात्र ती पुन्हा कधी गायली नाही.

आज ती बाभुळगावात भाचीच्या स्टुडिओत बसली होती. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोधड्या ठोकलेली एक खोली. काल वैष्णवीनं मावशीच्या ओसरीत निंदणाची गाणी रेकॉर्ड केली होती. आता लॅपटॉपवर त्यांचे तुकडे लावता लावता ती मधला खोकला, कोंबडा, भांड्यांचा खणखणाट छाटत होती.

सगळी गाणी जमली, एक सोडून. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, गाण्याचं शेवटचं कडवं इंदूबाईला काही केल्या आठवेना. काल पाच वेळा म्हटलं, पाचही वेळा तिथंच अडली. गाणं तिच्या आईचं. सोबत निंदणाऱ्या बाया एकेक करून गेल्या. विचारायचं कोणाला?

"अर्धंच ठेवू, मावशी."

"अर्धं कायले? पुसून टाक. माह्या मायचं गाणं लंगडं नाही पाहिजे मले."

दाराशी उकंडा जांभया देत होता. "आटपा ना वं! एवढ्यात दोन एकर कापूस येचून झाला असता."

"तुमाले काय समजते गाण्यातलं?"

वैष्णवी पाचवा तुकडा पुसणार, तोच तिचा हात थांबला. मावशी गप्प झाल्यावरही पडद्यावरची आवाजाची रेघ बारीक हलत होती. तिनं आवाज वाढवला. ओसरीच्या कोपऱ्यातून कोणी पुरुष, स्वतःशीच पुटपुटावं तसा, गात होता:

*बोंडं हासली हासली, दावी पांढरे दात,*
*धनी येईना जेवाले, थंडा झाला भात.*

"हेच! हेच होय वं!" इंदूबाई ताडकन उठली. मग एकदम थबकली. काल ओसरीत पुरुष एकच होता, तोही पाठ करून बसलेला.

उकंडा घाईघाईनं चपला शोधू लागला.

"पळता कुठी? माह्या मायचं गाणं तुमाले कसं येते?"

"सारेच गाणे येतात तुहे." त्याचे कान लाल झाले. "तवा वावराच्या धुऱ्यावर माहे बाबा उभे होते, म्हून खेकसलो. पन तुह्यं गाणं आयकाले मी पराटीची एकेक ओळ दोन-दोनदा डवरत होतो."