पहिल्या रांगेतली खुर्ची

भिवंडीत उभं आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं आणि मजीदचे कान पार गेले. पण त्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखायची सवय पक्की झाली होती. म्हणून हफसाने कॉलेजातल्या भाषणाची तयारी अब्बांसमोर बसूनच केली.

"घाई नको करू. तोंड उघडून बोल," ते म्हणायचे. "मला समजला म्हंजे सगल्यांना समजंल."

भाषण त्यांनाही तोंडपाठ झालं. शेवटची दोन वाक्यं मात्र हफसाने लपवून ठेवली होती. ती स्टेजवरूनच त्यांना सांगायची होती.

त्या दिवशी मजीद सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले. हफसा उभी राहिली आणि बाईंनी तिच्या हातात माईक दिला. तो खाली घेतला की मागची मुलं ओरडत, "आवाज येत नाही." वर धरला की अब्बा मान वाकडी करून माईकच्या आडचे तिचे ओठ शोधत.

शेवटच्या दोन वाक्यांना तिने माईक खाली घेतलाच, तेवढ्यात बाई पुढे आल्या आणि त्यांनी तो स्वतःच तिच्या तोंडाशी धरून ठेवला.

"मला बोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांना ऐकू येत नाही. ते माझे अब्बा, इथे पुढेच बसलेत."

सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. मजीदही टाळ्या वाजवत उठले आणि कोण मोठा पाहुणा आलाय म्हणून दाराकडे बघू लागले.