उशिरा येणारी जात

रोपवाटिकेत शरयूताईंनी उंच वाढणाऱ्या गावरान टोमॅटोचं रोप उचललं, तशी सुनेनं बुटक्या संकरित जातीची कुंडी पुढे केली.

“आई, हे घेऊ या ना. याला लवकर फळं धरतात. गावरानाला फार वेळ लागतो.”

डॉक्टरांनी शरयूताईंची आशा सोडल्यापासून घरात सगळेच त्यांच्यासाठी घाई करत होते. नातीचा साखरपुडासुद्धा अलीकडे ओढला होता.

“लागू दे वेळ,” शरयूताई म्हणाल्या. “मी आहे की. आधाराला बांबू मात्र चांगला उंच घे.”

थंडी सरता सरता पहिला टोमॅटो पिकला. काठी टेकत गच्चीवर जाऊन त्यांनी तो स्वतः तोडून आणला, चिरला आणि बिया राखेत घोळवून उन्हात वाळत घातल्या.

“या कशाला?” सुनेनं विचारलं.

“पुढच्या वर्षी लावायला.”